शाळेची वाट भिंतीवर: मुलींनी रंगवायची, ग्रामपंचायतीने वाचायची

खान्देशातल्या पुष्कळ गावांत सातवी-आठवीपर्यंतची शाळा गावात किंवा जवळपास असते आणि त्यापुढे दुसऱ्या गावी जावं लागतं. शिक्षण हक्काच्या राज्यातल्या नियमांप्रमाणे (२०११) पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. नववीपासून असं अंतर कुठे बांधून दिलेलं नाही, आणि मुलींची शाळा सुटते तीही बहुतेक तिथेच. घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं: वाट चांगली नाही.

त्या एका उत्तरात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. पावसाळ्यात फरशी पुलावरून (नाल्यावरचा ठेंगणा पूल, नुसतं "फरशी"ही म्हणतात) जाणारं पाणी, न थांबणारी एस.टी., दिवा नसलेला पट्टा, वाटेलगतची बिनकठड्याची विहीर, टपरीवरचं टोळकं. या एकत्र राहिल्या की उपाय एकच सुचतो, मुलीला घरी बसवायचं. वेगळ्या केल्या की प्रत्येक कामाचा मालक सापडतो आणि त्याच्याकडे मागता येतं. मुलींनी नकाशा, भिंतीचं चित्र आणि गाणं यांतून ही वेगळी-वेगळी मागणी गावासमोर कशी ठेवायची, याची पद्धत इथे दिली आहे. शिक्षिका, आशाताई, बचत गटातल्या ताई, कॉलेजात जाणाऱ्या मुली, ज्यांनी असं काम आधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी.

कधी सुरू करायचं

दिवाळीची सुट्टी संपली की लगेच. याला तीन कारणं आहेत. पावसाळ्यात ओलसर झालेली भिंत तोवर सुकलेली असते. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पाचला शाळा सुटलेली मुलगी अंधारात घरी पोचते, त्यामुळे दिव्याचा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत बनतो. मे महिन्यात कितीही सुंदर भिंत रंगवली तरी त्या वर्षीच्या पैशांची वाटणी झालेली असते, शाळा बंद असते आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या घरात असतो. रंग ब्रशवरच सुकतो.

कपाशीची वेचणीही याच काळात असते हे धरून चाला. नोव्हेंबर-डिसेंबरात शनिवार-रविवारी बऱ्याच मुली वावरात असतात. बैठका शाळेच्या वेळेत, मधल्या सुट्टीला जोडून ठेवल्या तर टिकतात. पहिल्या बैठकीपासून ग्रामसभेपर्यंत आठ ते दहा आठवडे धरा.

गट आणि घरच्यांची परवानगी

बारा ते पंधरा मुली पुरे. सगळ्या एकाच वर्गातल्या, एकाच आळीतल्या नकोत. वस्तीवरून, मळ्यातून, पाड्यावरून येणाऱ्या मुली गटात नसतील तर नकाशावर फक्त गावठाणातली वाट येते. शाळेत मीना राजू मंच (मुलामुलींचा शाळेतला गट) चालू असेल तर त्याच्याच आधाराने गट बनवा. सखी सावित्री समितीलाही (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा. राज्य सरकारने २०२२ मध्ये शाळांमध्ये या समित्या करायला सांगितल्या, त्यामुळे मुख्याध्यापकांना हा विषय नवा नसतो.

घरी परवानगी मागताना "मुली रस्त्याच्या सुरक्षिततेवर काम करणार" असं मोघम सांगू नका. काय करणार, कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, सोबत कोण मोठं माणूस, फोटो काढणार की नाही, एवढं एका कागदावर लिहून आई आणि वडील दोघांनाही वाचून दाखवा. आईची सही पुरेशी समजून वडिलांना वगळलं की भिंत रंगवायच्या आदल्या रात्री अडतं. आजीला विसरू नका. खान्देशात मुलीने बाहेर जावं की नाही यात आजीचा शब्द वडिलांइतकाच चालतो.

वाट चालून बघा

मुली रोज जातात त्याच वाटेने, त्याच वेळी, गटाने चालायचं. एकदा सकाळी जाताना, एकदा संध्याकाळी येताना. सोबत दोन ताई, एक वही, एक मोजपट्टी किंवा मोबाईलवरचं अंतर मोजायचं ॲप. दर शंभर मीटरवर किंवा काही खटकलं की थांबायचं आणि चारच गोष्टी लिहायच्या: जागेची खूण (मारुतीचं देऊळ, हातपंप, चिंचेचं झाड), अडचण काय, कोणत्या वेळी किंवा कोणत्या ऋतूत, आणि ती अंदाजे किती लांब पसरली आहे. मत नको, माप हवं. "खूप अंधार असतो" यापेक्षा "देवळापासून फरशीपर्यंत सुमारे ४०० मीटर एकही दिवा नाही" हे वाक्य पुढे सरपंचांच्या टेबलावर उपयोगी पडतं.

ऋतूचा रकाना विसरू नका. ऑगस्ट ते ऑक्टोबर मका-ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते आणि मोकळी वाट बोळ होऊन जाते, डिसेंबरात त्याच जागी सपाट वावर दिसतं आणि "इथे काय अडचण?" असं वाटतं. रावेर-यावलकडे केळीच्या बागा बारा महिने दोन्ही अंगाला उभ्या असतात आणि मालाच्या गाड्याही. शहाद्याकडे ऊसतोडणी सुरू झाली की ट्रॉल्यांची रांग लागते. फरशी पुलाजवळ पावसाळ्यातली पाण्याची रेघ खांबावर, दगडावर किंवा झाडाला अडकलेल्या काडीकचऱ्यावरून ओळखता येते. ती जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून घ्या.

मग शाळेच्या अंगणात रांगोळीने मोठा नकाशा काढा. आठ बाय आठ फूट जागा घेतली तर सगळ्या मुली भोवती बसू शकतात. आधी नदी-नाला, मग रस्ता, मग घरं आणि वस्त्या. अडचणीच्या जागी कुंकू, त्रास कमी असेल तिथे हळद, आधार वाटतो तिथे (दुकान, ओळखीचं घर, दवाखाना) पाल्याचा हिरवा. कागदापेक्षा रांगोळी बरी, कारण पुसून पुन्हा काढता येते आणि हात आखडत नाही. झाला की वरून फोटो घ्या आणि त्याच दिवशी कागदावर उतरवा. वारा थांबत नाही.

या बैठकीत एखादी मुलगी स्वतःवर झालेल्या प्रकाराबद्दल बोलू शकते. ते नकाशावर, वहीत, ग्रुपवर कुठेही जायचं नाही. तिला बाजूला घेऊन ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. लैंगिक त्रासाची बाब असेल तर मुलांच्या लैंगिक संरक्षणाच्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) ती माहीत असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक, ११२ तातडीचा. हे दोन क्रमांक मुलींना पाठ हवेत. ही बाब चित्राने सुटणारी नाही, तिचा रस्ता वेगळा आहे.

कोणतं काम कोणाचं

इथे नवखे गट सर्वांत जास्त घसरतात. सगळ्या मागण्या सरपंचांकडे नेतात, सरपंच म्हणतात "हे आपल्या हातात नाही", आणि मुली निराश होतात. ते बऱ्याचदा खरंही असतं. रस्ता कोणाचा हे किलोमीटरच्या दगडाच्या डोक्यावरून कळतं: पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. दगडच नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीच्या बांधकाम शाखेत विचारा.

ढोबळमानाने असं धरा. गावठाणातला दिवा, विहिरीचा कठडा, वाटेवरची झाडोऱ्याची साफसफाई ग्रामपंचायतीकडे. गावरस्ता आणि त्यावरची फरशी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गावरचा गतिरोधक, "पुढे शाळा आहे" हा फलक सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर (५३) किंवा धुळे-शिरपूर-सेंधवा (५२) अशा राष्ट्रीय महामार्गाला शाळा लागून असेल तर गतिरोधक मागू नका, तो अर्ज बहुधा तिथेच थांबतो. रंबल स्ट्रिप (वेग कमी करायला लावणारे उंचवट्याचे पट्टे), फलक, दिवे, ओलांडायची जागा मागा. महामार्गाचा मदत क्रमांक १०३३.

एस.टी.ची वेळ आणि थांबा आगार व्यवस्थापकाकडे. इथे नेमका शब्द "विनंती थांबा" हा आहे, तोच अर्जात वापरा. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत मिळतो. बस न थांबता निघून गेली तर त्या पासाचा उपयोग काय, हे वाक्य आगारात परिणाम करतं. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस आहेत आणि आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी अनुदान आहे. तुमचा तालुका त्यात बसतो का, ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात कळेल.

छेडछाडीची जागा भिंतीवर दाखवायची नाही. टपरीचं नाव, मालकाचं नाव, टोळक्याचं चित्र, काहीही नाही. त्याचा राग त्याच वाटेने जाणाऱ्या मुलींवर निघतो. ही बाब मुख्याध्यापकांच्या सहीने पोलीस ठाण्याला लेखी द्यायची आणि शाळा भरता-सुटताना दामिनी पथकाची (महिला पोलिसांचं पथक) किंवा गस्तीची मागणी करायची. पोलीस पाटलांना प्रत द्या.

चित्रात काय असावं

या सगळ्या कामातला हा सर्वांत नाजूक भाग आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

घाबरलेली मुलगी, तिच्यामागे काळी सावली, लाल डोळे, रक्ताचे थेंब. सुचतं ते हेच, आणि फोटोतही हे छान दिसतं. पण ती भिंत रोज कोण बघतं? मुलीचे आजोबा, काका, शेजारी. त्यांनी महिनाभर असं चित्र पाहिलं की त्यांचा जुना समज पक्का होतो: बाहेर धोका आहे, पोरीला पाठवू नका. रस्त्यावर दिवा यायच्या आधी मुलीचा दाखला शाळेतून निघतो. म्हणून नियम असा: धोका जेवढा गरजेचा तेवढाच, आणि त्याच्या दुप्पट जागा मागणीला. चित्रातली मुलगी चालताना, सायकल चालवताना, मैत्रिणींच्या सोबत दिसू दे. फरशी दाखवायची तर शेजारी तिच्या जागी हवा असलेला उंच पूल दाखवा. अंधाराचा पट्टा दाखवायचा तर जिथे खांब हवेत तिथे पिवळे दिवे काढा आणि प्रत्येकावर क्रमांक टाका.

दुसरी गोष्ट, भिंतीवरच्या नकाशात मुली किती वाजता, कोणत्या आडवाटेने, किती जणी जातात हे येऊ देऊ नका. अंगणातल्या रांगोळीत हे सगळं असतं आणि असायलाच हवं. भिंत मात्र वाटेने जाणाऱ्या कोणालाही वाचता येते. तिथे फक्त सार्वजनिक जागा आणि हवं असलेलं काम. चेहरे ओळखू येतील असे काढू नका, चित्राखाली मुलींची नावं नकोत. "इयत्ता नववीच्या मुली" एवढं पुरे.

एका भिंतीवर एकच मुख्य मागणी. फार तर दोन. पाच मागण्या लिहिल्या की वाचणारा सर्वांत सोपी उचलतो, झाडोरा कापून फोटो काढतो आणि विषय संपतो. सावित्रीबाईंचं मोठं चित्र काढायचा आग्रह कोणीतरी धरेलच. ते शाळेच्या आतल्या भिंतीवर काढा. रस्त्याकडच्या भिंतीवर ते काढलं तर अभियंता साहेब नमस्कार करून पुढे जातील आणि मागणी कोपऱ्यात राहील. "मुलगी शिकली, प्रगती झाली" छापाच्या घोषणा तर गावोगाव इतक्या झाल्या आहेत की आता त्या कोणी वाचत नाही.

वाक्य आठ-दहा शब्दांच्या आत, जागेच्या नावासह: "देवळापासून फरशीपर्यंत आठ दिवे हवेत." खाली अहिराणीत एक ओळ टाकली तर म्हातारी माणसंसुद्धा थांबून वाचतात, उदाहरणार्थ "आम्हले शायामा जावानं से, वाटवर दिवा लावा." अहिराणीचं बोलणं गावागणिक बदलतं, म्हणून ओळ रंगवण्याआधी गावातल्या दोन आजींना म्हणून दाखवा.

आणि एक रिकामी चौकट सोडा, दीड बाय दोन फुटांची. तीत चार ओळी: मागणी दिल्याची तारीख, कार्यालय, ठरावाची तारीख, काम झाल्याची तारीख. पहिल्या ओळी भरायच्या, शेवटची कोरी ठेवायची. संपूर्ण भिंतीत कार्यालयातल्या लोकांना सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच.

भिंत मिळवणं

शाळेची, ग्रामपंचायतीची किंवा रस्त्यालगतच्या घराची. कोणतीही असो, परवानगी लेखी हवी. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम (१९९५) लागू आहे, आणि तोंडी होकार गावचं राजकारण बदललं की विसरला जातो. खासगी भिंत असेल तर घरातले आप्पा, नाना, जिभाऊ जे कोणी कर्ते असतील त्यांना आधी कागदावरचं रंगीत चित्र दाखवा, मग सही घ्या. रस्त्याच्या पृष्ठभागावर, पुलाच्या कठड्यावर, किलोमीटरच्या दगडावर किंवा सरकारी फलकावर स्वतःहून काही रंगवू नका. हौसेने मारलेले झेब्रा पट्टे वाहनचालकाला फसवतात आणि मुलींना खोटा भरवसा देतात.

खर्चाला मदत करणारे "सौजन्य" म्हणून नाव टाकायला सांगतील. सरळ नाही म्हणा. पक्षाचा झेंडा आठवेल अशी रंगसंगती टाळा. आचारसंहिता लागली की नावं-चिन्हं असलेल्या भिंती आधी झाकल्या जातात. नाव नसलेली भिंत वाचते.

रंगकाम

भिंत निवडताना आदल्या रात्री एक फूट चौरस प्लास्टिक कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी आतून घाम दिसला तर भिंत ओली आहे, ती सोडा किंवा महिनाभर थांबा. पांढरी मिठासारखी पूड येत असेल तर लोणा लागला आहे, तिथे कोणताच रंग टिकत नाही. नवं प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या.

वीस फूट लांब, सहा फूट उंच म्हणजे १२० चौरस फुटांच्या भिंतीसाठी साहित्य:

– बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, दीड ते दोन लिटर (एक हात)
– पांढरा एक्स्टिरियर इमल्शन, ४ लिटर: दोन हातांना साधारण सव्वादोन लिटर, उरलेला फिकट छटा बनवायला
– तयार गडद इमल्शन: लाल, निळा, काळा, प्रत्येकी १ लिटर
– पिवळा आणि हिरवा स्टेनर (पांढऱ्यात मिसळून छटा बनवायचा दाट रंग), १०० मिलिची एकेक बाटली
– ब्रश: चार इंची २, दोन इंची ३, एक इंची ४, बारीक रेघांसाठी ६, ८ आणि १० नंबरचे गोल ब्रश, एक नऊ इंची रोलर
– तारेचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, सुतळी, नीळ, खडू, जुन्या साड्या, कापलेल्या पाण्याच्या बाटल्या

दुकानदार ऑइलपेंट घ्या म्हणेल, चकाकतो म्हणून. घेऊ नका. भिंतीने श्वास घेतला नाही की पहिल्या पावसानंतर पोपडे येतात, शिवाय ब्रश धुवायला टर्पेंटाइन लागतं, डोकं दुखतं, मुलींच्या हाताला आग होते. शाळेतले पोस्टर कलर तर पहिल्याच सरीला ओघळतात. स्टेनर लिटरमागे ३० ते ४० मिलिपेक्षा जास्त ओतू नका. गडद व्हावा म्हणून अख्खी बाटली ओतली की रंग नीट वाळत नाही आणि हाताला लागतो. म्हणूनच गडद रंग तयार घ्यायचे.

पहिल्या सकाळी भिंत तारेच्या ब्रशने खरवडायची, जुना चुना सैल असेल तर पूर्ण काढायचा. चुन्यावर मारलेला इमल्शन चुन्यासकट सुटून येतो, आणि दोष रंगाला दिला जातो. धुवून दिवसभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी प्रायमर, तो वाळल्यावर पांढरा. एका हातानंतर दुसऱ्याआधी चार तास तरी जाऊ द्या. काम सकाळी सात ते दहा. पश्चिमेकडची भिंत असेल तर दुपारी ती तापते, तिथे सकाळशिवाय हात लावू नका.

चित्र उतरवायला चौकोनांची पद्धत सर्वांत खात्रीची. कागदावर एक इंचाचे चौकोन, भिंतीवर एक फुटाचे. सुतळी निळीत बुडवून, झटकून, दोघींनी ताणून धरायची आणि मधून खेचून सोडायची. सरळ रेघ उमटते. नीळ कोरडीच वापरा, ओल्या निळीचा डाग पांढऱ्यातून वर येतो. मग एकेक चौकोन बघून खडूने उतरवा. कोणी चित्रकार दादा मदतीला आला तर त्याने चौकोन आखून द्यावेत आणि शिडीवरचं काम करावं. ब्रश त्याच्या हातात गेला की दोन तासांत सुंदर भिंत तयार होते आणि मुली बाटल्या धुताना दिसतात.

एका वेळी भिंतीपाशी आठ ते दहा मुली, माणशी दोन फूट. बाकीच्या रंग मिसळणं, ब्रश धुणं, वाटसरूंना समजावणं. सहा फुटांच्या वर मुलींनी चढायचं नाही. खालचा एक फूट गडद पट्टा ठेवा. पावसाचे शिंतोडे, मोटारसायकल टेकवणं, सगळं तिथेच होतं.

अक्षरं शेवटी. एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं, त्यामुळे रस्त्याकडच्या भिंतीवर सहा इंचांपेक्षा लहान नको. वेलांटी-मात्रेसाठी वर आणि उकारासाठी खाली आणखी दोन-दोन इंच लागतात, हे न मोजल्याने दोन ओळी एकमेकींत घुसतात. आधी शिरोरेषा मारा, वाक्याचं मधलं अक्षर भिंतीच्या मध्यावर ठेवा आणि तिथून दोन्ही बाजूंना जा. डावीकडून सुरू केलं की शेवटचा शब्द हमखास चिरडतो. मजकूर आधी मराठीच्या बाईंकडून तपासून घ्या. गावाला चित्रातलं काही कळो न कळो, चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ लगेच कळतो.

सातपुड्यातल्या पाड्यांवर, धडगाव-अक्कलकुव्याकडे, कुडाच्या मातीने लिंपलेल्या भिंतींवर इमल्शन धरत नाही. तिथे गेरू आणि पांढरी माती, किंवा सरळ मांजरपाटाच्या कापडावर नकाशा. कापड धुवून खळ काढा, एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी असा हात द्या, वाळल्यावर रंगवा. कापडाचा फायदा असा की ते गुंडाळून पाड्याच्या सभेत, पंचायत समितीत, कुठेही नेता येतं. पूजेत काढली जाणारी चित्रं सजावट म्हणून उचलू नका. पाड्यावरच्या जाणत्यांना विचारूनच.

गाणं आणि वही

ज्यांना भिंत वाचता येत नाही किंवा वाचायची नाही, त्यांच्यापर्यंत गाणं जातं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरच्या गाण्यांच्या चालीवर मुली सहज चार कडवी जुळवतात. माहेरच्या वाटेची चाल शाळेच्या वाटेला चपखल बसते. गावात वही गायनाची (खान्देशातला गाण्याचा लोकप्रकार) मंडळी असतील तर डफावर दहा मिनिटांचा भाग बसवायला सांगा. अट एकच, मागणीचं वाक्य ध्रुवपद असावं, म्हणजे ते सात-आठ वेळा कानावर पडतं. पथनाट्यात टोळक्याची भूमिका फार रंगवू नका. हशा तिथेच मिळतो आणि लोकांच्या लक्षात तोच राहतो.

ग्रामसभेत

भिंत पूर्ण व्हायची वाट न बघता मागणीचा अर्ज डिसेंबरातच ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, द्या आणि पोच घ्या. तारीख-शिक्का नसलेली प्रत म्हणजे अर्ज दिलाच नाही असं समजा. विषयपत्रिकेत विषय लिहून यायला हवा; "ऐनवेळचे विषय" मध्ये ढकलला तर सभा पांगलेली असते.

ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. तिथे आधी ठराव करून घ्या, मग मोठ्या सभेत तो नाकारणं अवघड जातं. मुली मतदार नसतात, त्यामुळे सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन आया किंवा आज्या आधीच ठरवा आणि त्यांच्याकडून वाक्य दोनदा म्हणवून घ्या. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. ती न झाल्याने सभा तहकूब झाली तर घाबरू नका, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. फक्त तिची तारीख तिथल्या तिथे विचारून घ्या. पेसा गावांत (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा वेगळा कायदा लागू असलेली गावं) पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते, तिथे ठराव तिथेच करा.

ठरावाचा मजकूर तुम्हीच लिहून न्या:

"मारुती मंदिर ते नाल्याची फरशी या सुमारे ४०० मीटर रस्त्यावर एकही पथदिवा नाही. या वाटेने माध्यमिक शाळेतील मुली संध्याकाळी परत येतात. सदर भागात आठ पथदिवे बसवण्याचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करावे."

फरशी किंवा महामार्गासारखं काम ग्रामपंचायतीच्या हातातलं नसेल, तर ठराव "संबंधित विभागास शिफारस" असा करा. त्याची प्रत, भिंतीचा फोटो (मुलींचे चेहरे नसलेला) आणि मोजमापाचा कागद जोडून त्या विभागाला पाठवा. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर एखाद्या पालकाच्या नावे माहिती अधिकारात विचारा: अर्ज क्रमांक अमुकवर काय कार्यवाही झाली? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन (लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस) महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

फोटो टाकताना गावाचं नाव, शाळेचं नाव आणि मुलींचे चेहरे हे तिन्ही एकत्र कधीच नको. पहिल्या दिवशीच ठरवा की फोटो एकाच ताईच्या फोनवर राहतील. पंधरा फोनवर गेलेले फोटो परत येत नाहीत.

नंतर

दर तीन महिन्यांनी चौकट भरायची. काम अर्धवट झालं तर तसंच लिहायचं: "आठपैकी तीन दिवे लागले." चित्रातले तेवढेच तीन दिवे भरगच्च पिवळे करा, बाकीचे नुसते रेघेत ठेवा; त्यासाठी अर्धी वाटी पिवळा आणि एक इंची ब्रश पुरतो. दिवा लागून बंद पडला तर खांबाचा क्रमांक लिहून ग्रामपंचायतीत नोंद करा, "रस्त्यावरचा दिवा बंद आहे" एवढ्यावर लाइनमन येत नाही. पावसाळा संपल्यावर भिंत एकदा साध्या पाण्याने धुवा, पोपडे आले तेवढीच जागा खरवडून प्रायमर मारा. उरलेले रंग डब्याचं झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा आणि डब्यावर तारीख टाका. जूनमध्ये नव्या आठवीच्या चार-पाच मुली गटात घ्या आणि मोजमापाची वही त्यांच्या हातात द्या. दहावीच्या मुली मार्चनंतर दुसऱ्या गावी जातात, आणि वही त्यांच्या दप्तरात राहिली तर पुढच्या वर्षी सगळं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.